परत पाठवलेली कॅन

"पुलाच्या अलीकडंच थांबव जरा," आण्णा म्हणाले.

मी गाडी रस्त्याच्या कडेला बाभळीखाली घेतली. पुलापलीकडे आत्तीचं गाव दिसत होतं. पाण्याची टाकी, जैन बस्तीचं शिखर, उसामधून आत गेलेली वाट. आण्णांनी खिशातून कंगवा काढला, गाडीचा आरसा आपल्याकडे वळवला आणि केस विंचरले. मग कंगव्याचे दात अंगठ्याच्या नखाने साफ करत बसले.

"काय म्हणून सुरुवात करू?"

"पैसे गेले म्हणून."

"गेले नाहीत, त्रिशला. अडकलेत. गेले म्हणणं चूक आहे. सौदा अजून उघडा आहे."

"मग अडकले म्हणून सांगा. पण सांगा."

"सांगतो म्हटलंय ना. मीच सांगणार. तू फक्त सोबत बस. मधे बोलू नकोस."

मी सुट्टीसाठी पुण्याहून जयसिंगपूरला आले होते. त्या रविवारी सकाळी आण्णा अंघोळीला गेलेले असताना त्यांचा फोन वाजला म्हणून मी घेतला. पलीकडचा ब्रोकरच्या ऑफिसातला मुलगा अतिशय अदबीने बोलत होता. सरांना सांगा, उद्या बाजार उघडायच्या आत मार्जिन, म्हणजे तोट्यापोटीची जादा अनामत, भरावं लागेल, नाहीतर सौदा आम्हाला इथून कापावा लागेल. आई गेल्यापासून आण्णा कॉम्प्युटरवर काहीतरी करतात, एवढं मला माहीत होतं. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मी ते कौतुकाने सांगितलंही होतं, की आमचे आण्णा या वयात परकीय चलनाचे व्यवहार शिकले. ते टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आले तेव्हा मी एकच विचारलं. पैसे कोणाचे आहेत?

त्यांनी टॉवेलची घडी घातली. "माझे मागच्या वर्षीच संपले," म्हणाले. "हे अक्काचे."

आत्ती म्हणजे त्यांची थोरली बहीण, पद्माक्का. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. एक म्हैस, थोडं रान, आणि जुनं दगडी जोत्याचं घर. तिने आयुष्यभराची शिल्लक आण्णांच्या हातावर ठेवली होती. चार लाख. का ठेवली, हे विचारायची कोणालाच गरज पडली नसती.

"तुला वाटतं मी जुगार खेळलो," बाभळीखाली आण्णा म्हणाले. "हे बघ."

त्यांनी डॅशबोर्डवरच्या धुळीत बोटाने चौकोन काढला. तो चौकोन मी लहानपणापासून बघत आले होते. आण्णांची सगळी नोकरी दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत गेली. म्हशीचं दूध सहा फॅटचं, गाईचं साडेतीनचं, आणि पिशवीत पाहिजे साडेचारचं, तर कशात किती ओतायचं? डावीकडच्या दोन कोपऱ्यांत हातातले आकडे लिहायचे, मधोमध हवा तो आकडा, तिरकी वजाबाकी करायची, की उजव्या कोपऱ्यांत उत्तर. एकाला दीड. मला अपूर्णांक त्यांनी असेच शिकवले होते. सिनेमाच्या तिकिटांच्या मागे, वर्तमानपत्राच्या समासात, आईच्या पोळपाटावरच्या पिठात.

"वीस लॉट घेतले, शंभर रुपयाला. एक लॉट म्हणजे हजार पौंड. पौंड उतरून आला शहाण्णववर. मला सरासरी पाहिजे सत्त्याण्णव. म्हणजे मग तो रुपयाभर वर आला तरी मी सुटलो. शंभर, शहाण्णव, मधे सत्त्याण्णव." बोट धुळीत फिरत होतं. "एकाला तीन. विसाला साठ."

"घेतले साठ?"

"घेतले. सरासरी बरोबर सत्त्याण्णववर आली. पैशाचा फरक नाही." त्यांच्या आवाजात त्याचं समाधान अजून होतं.

"आणि पौंड?"

"ब्याण्णव."

एक बैलगाडी पुलावरून खडखडत गेली.

"आता त्र्याण्णववर आणायची तर एकाला चार. ऐंशीला तीनशेवीस."

"तेवढ्याचं मार्जिन कुठून आणणार होता?"

आण्णांनी तळव्याने चौकोन पुसला. तळवा रुमालाला पुसला.

"चल," म्हणाले. "दिवस मावळायच्या आत जेवते ती. उशीर केला तर रागवेल."

आत्ती ओसरीवर बसून शेंगा फोडत होती. गाडीचा आवाज ऐकून तिने उठायचा प्रयत्न केला, भिंतीला हात लावला, आणि पुन्हा बसली.

"आला व्हय माझं दूध परत पाठवणारा? ये, ये. मी उठत न्हाई, माझं पाय आता माझं ऐकत न्हाईत. त्रिशला, तू किती वाळलीयास गं. पुण्यात खायला घालत न्हाईत काय?"

"घालतात की, आत्ती."

"मग ते कुठं जातंय? बस. ह्याला पाणी दे आधी. तोंड बघ कसं झालंय."

मी आतून तांब्या-भांडं आणलं. आण्णा खांबाला टेकून बसले. आत्तीने सूप बाजूला सारलं आणि ती गोष्ट सुरू केली. ती आम्ही प्रत्येक भेटीत ऐकायचो. त्या दिवशी तिने ती सांगू नये असं मला फार वाटत होतं, पण अडवणार कशी?

पूर्वी गावचं दूध आत्तीच्याच ओसरीत जमा व्हायचं. पहाटे माप, मग कॅना भरून डेअरीच्या ट्रकमध्ये. एका उन्हाळ्यात ट्रक वाटेत बंद पडला आणि आत्तीच्या गावच्या कॅना डेअरीत उशिरा पोचल्या. आण्णा तेव्हा तिथे नवीनच लागलेले. त्यांनी प्रत्येक कॅनमधलं थोडं दूध नळीत घेऊन उकळून पाहिलं. एका कॅनचं दूध फाटलं. वरच्या साहेबांनी सांगितलं, पाहुण्यांचं आहे, मोठ्या टाकीत जाऊ द्या, एवढ्या दुधात कुठं कळतंय. आण्णांनी कॅनवर खडूने फुली मारली आणि परत पाठवली.

"अख्ख्या गावासमोर कॅन उतरली माझ्या दारात," आत्ती म्हणाली. "फुली मारलेली. म्हाताऱ्या बाया तोंडाला पदर लावून बघायल्या. तुझं काका म्हणालं, भाऊ हाय का वैरी? मी ते दूध उचललं आणि त्या शेवग्याच्या बुडात ओतलं. आठ दिवस मी ह्याच्याशी बोलले न्हाई."

"पंधरा," आण्णा म्हणाले. दर वेळी ते इथे पंधरा म्हणायचे. त्या दिवशीही सवयीने म्हणाले.

"पंधरा असतील. पण मग गावात सांगत सुटले. म्हटलं, बघा, माझा भाऊ असा हाय. सख्ख्या बहिणीची कॅन परत पाठवली. अशा माणसाच्या हातात डोळं झाकून काय पण द्यावं."

ती हसली. मी शेंगा फोडायला घेतल्या. आण्णा शेवग्याकडे बघत होते. झाड आता छपराच्या वर गेलं होतं.

"चला, पानं घेऊया," आत्ती म्हणाली. "चातुर्मास हाय. दिवस मावळल्यावर ह्या घरात चूल पेटत न्हाई, माहीत हाय ना?"

"बसू की जरा, अक्का. आत्ताच आलोय."

"बस बाबा. पण ऊन बघ कुठं गेलंय."

ऊन जोत्याच्या पायरीवर आलं होतं. आण्णांनी पाण्याचा एक घोट घेतला.

"अक्का, जरा बोलायचं होतं."

मी मान खाली घातली. माझ्या हातातली शेंग आधीच फोडलेली होती, तरी मी ती चाचपत राहिले.

"ते रस्त्यात रान गेलं, त्याचे पैसे आले ना तुझे?"

"आले की. मागच्या महिन्यात. तुला फोन केला न्हवता काय? बँकेतच हायत. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन हून जाईल म्हणं त्यात."

"डॉक्टरनं तारीख दिली?"

"दिवाळी झाल्यावर."

"म्हणजे दोन महिने आहेत," आण्णा म्हणाले. "तोवर बँकेत नुसते पडून काय करायचे?"

कानावर पडलं ते मला लगेच समजलं नाही. मी वर बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. आवाज अगदी नेहमीचा होता. आईला ते याच आवाजात सांगायचे, की आज दूध थोडं जास्त घे, भाव वाढणार आहे.

"तुला पाहिजेत व्हय?"

"मला कशाला? तुझ्यासाठीच. आधीच्या पैशांना जोड द्यायची. सध्या भाव उतरलाय, अशा वेळी घातले की सरासरी खाली येते. दोन महिन्यांत सगळे एकदम काढून देतो."

"मग घेऊन जा की," आत्ती म्हणाली. "एवढं अवघड करून काय बोलतोस? म्हटलं कोण आजारी हाय का काय. त्रिशला, कपाटात वरच्या खणात चेकबुक हाय, लुगड्याखाली. आण जा. मी सही करून देते, मग जेवायला बसू."

मधे बोलू नकोस असं त्यांनी गाडीत का म्हटलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

मी उठले. माजघरात कपाट होतं, काकांच्या वेळचं, हिरव्या रंगाचं. दार उघडताना नेहमीसारखं कुरकुरलं. लुगड्याखाली चेकबुक होतं आणि त्याच्याखाली एक्स-रेचं मोठं पाकीट. मी चेकबुक हातात घेतलं. बाहेरून आवाज येत होते. आत्ती म्हशीबद्दल काहीतरी सांगत होती, म्हातारी झाली पण लाथ मारायची सोडत न्हाई, आणि आण्णा हसत होते. खरंच हसत होते. त्यांचं मोकळं हसणं मी आई गेल्यापासून ऐकलं नव्हतं.

कपाटाच्या आरशात मी दिसत होते. मला तिथे थांबायचं नव्हतं आणि बाहेरही जायचं नव्हतं. माझं शिक्षण, वाचन, वर्गात उभं राहून बोलायची सवय, यांतलं काही त्या वेळी हाताशी आलं नाही. चेक लिहिला गेला तर निदान आज आण्णांची मान खाली जाणार नाही, असं मनात येऊन गेलं. मग मी चेकबुक होतं तिथे ठेवलं, लुगडं नीट केलं आणि कपाट लावलं.

"मिळालं न्हाई व्हय?" आत्तीने विचारलं.

"मिळालं. आणलं नाही."

"का गं?"

"आत्ती, आधीचे पैसे गेले. सगळे. आण्णा ते सांगायला आले होते."

"त्रिशला," आण्णा म्हणाले. हळूच म्हणाले. लहानपणी पाहुण्यांसमोर मी काही वेडंवाकडं बोलले की असंच म्हणायचे.

आत्ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने मान वळवली.

"भूपाल, ही काय म्हणते?"

"गेले असं नाही, अक्का. मी तुला दाखवतो."

त्यांनी भांड्यात बोट बुडवलं आणि फरशीवर पाण्याने चौकोन काढला. डाव्या कोपऱ्यात सत्त्याण्णव, खाली ब्याण्णव, मधे त्र्याण्णव. ओसरीवर उन्हाची धग दिवसभर राहिलेली. चौथा आकडा लिहीपर्यंत पहिला वाळून गेला. त्यांनी पुन्हा बोट बुडवलं, पहिला आकडा पुन्हा लिहिला, तोवर मधला गेला. आत्ती वाकून बघत होती. समजून घ्यायचा मनापासून प्रयत्न करत होती, ते मला बघवत नव्हतं. आण्णांनी तिसऱ्यांदा पाण्यात बोट घातलं.

"गणित चुकलं व्हय तुझं?" तिने विचारलं.

"नाही, अक्का. गणित बरोबर आहे."

"मग पैसे कुठं गेले?"

आण्णांचं ओलं बोट फरशीवर तसंच टेकलेलं राहिलं. गोठ्यात म्हशीने दावं ओढलं, खुंटा वाजला. मला वाटलं आता आत्ती रडेल, किंवा ओरडेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"वास आला होता," आण्णा म्हणाले.

"कसला?"

"पहिल्याच आठवड्यात. मी घेतला आणि तो उतरायला लागला, तेव्हाच. मला कळलं होतं, हे नासलंय. तेव्हाच बाजूला काढायला पाहिजे होतं. थोडं गेलं असतं." ते फरशीशी बोलत होते. "पण म्हटलं, मोठ्या टाकीत जाऊ दे. चांगलं ओतलं वरून की मिसळून जाईल. कळणार नाही."

"कोणाला कळणार न्हाई?"

"मला," ते म्हणाले.

आत्तीने त्यांच्याकडे बघितलं नाही. तिने पायरीकडे बघितलं. ऊन कधीच उतरलं होतं. शेवग्याचा शेंडा तेवढा उजळ होता, मग तोही मंद झाला. बस्तीत घंटा झाली. आम्ही तिघं तसेच बसून होतो आणि आतलं अन्न तसंच झाकलेलं होतं.

मग आत्ती उठली. मी हात द्यायला गेले तर तिने नको म्हणून खूण केली. भिंतीला धरून, एकेक पाऊल टाकत ती स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, झाकपाक करायला गेली. भांड्यांचा आवाज आला. बराच वेळ गेला. मग दिवा लागला, आणि चुलीत काटक्या मोडल्याचा आवाज आला.

आण्णांनी मान वर केली.

ती एका हातात ताट आणि दुसरा हात भिंतीला, अशी आली. ताट आण्णांपुढे ठेवलं. गरम केलेली भाकरी, दोडक्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, आणि वाटीत दूध.

"अक्का, दिवस मावळला," आण्णा म्हणाले.

"दिसतंय मला. डोळं अजून चांगलं हायत माझं."

"अगं, पण चातुर्मासात, तुझ्या घरात..."

"जेव," ती म्हणाली. "उपाशी माणूस दारातनं जायचा न्हाई. त्रिशला, तुझं ताट आत हाय, घेऊन ये."

"आणि तू?"

"मला भूक न्हाई."

आण्णांनी भाकरी कुस्करली. मग वाटी उचलली. ते कधीच सरळ दूध प्यायचे नाहीत. घरी, लग्नकार्यात, कोणाच्याही दारात, आधी वाटी नाकाशी न्यायचे, आणि आई लाजेने मेल्यासारखी व्हायची. त्या दिवशीही वाटी नाकापर्यंत गेली.

"घे की वास," आत्ती म्हणाली. "तुझी सवय हाय ती."

वाटी तिथेच थांबली. मग त्यांनी ती खाली आणली आणि वास न घेता भाकरीवर दूध ओतलं. ते जेवले. सगळं ताट जेवले, चटणीसुद्धा. मीही जेवले. घास गिळताना आवाज होऊ नये, एवढाच माझा प्रयत्न होता. आत्ती समोर बसून, काही कमी आहे का, बघत होती.

निघताना तिने आण्णांना एवढंच विचारलं, "उद्या काय करणार?"

"कापतो सौदा. सकाळीच."

"फुली मारून टाक," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर पूल ओलांडल्यावर आण्णा म्हणाले, "तू बरोबर केलंस." मी त्यांना त्यांच्या बहिणीसमोर उघडं पाडलं होतं आणि ते मलाच धीर देत होते. डॅशबोर्डवर तळव्याने पुसलेली जागा समोरच्या गाड्यांच्या उजेडात चमकत होती. पुण्याला परत जाताना मी ती गाडी धुऊन घेतली.

त्यानंतर त्यांनी बाजाराचं नाव काढलं नाही. आत्तीचे गुडघे दिवाळीनंतर झाले. दवाखान्यात तिच्या उशाशी आण्णाच राहिले. तिचे पैसे पेन्शनमधून दर महिन्याला जात राहिले. त्या संध्याकाळबद्दल आम्ही बापलेक पुन्हा कधी बोललो नाही. मला ते नकोच होतं. त्यांनाही नसावं, असं मी धरून चालले.

एक गोष्ट मात्र बदलली होती. आण्णा दिवस मावळायच्या आत जेवायला लागले. डेअरीतल्या पाळ्यांमुळे त्यांचा तो नियम तरुणपणीच सुटला होता, आई त्यावरून त्यांना टोमणे मारायची. आता मात्र पाच वाजले की ते ताट घ्यायचे. पुण्याला माझ्याकडे आले की मला कॉलेजातून धावत यावं लागायचं. मी मैत्रिणींना म्हणायचे, म्हातारपणी सगळ्यांनाच धर्म आठवतो. हे मी त्यांच्यादेखतही एकदा म्हटलं. ते हसले होते.

या फेब्रुवारीत ते दवाखान्यात होते तेव्हा तिथली पेज सातनंतर यायची. ते तोंड मिटून घ्यायचे. मी डॉक्टरांना सांगितलं, पहिल्यापासून हट्टी आहेत. शेवटच्या संध्याकाळी सिस्टर म्हणाली, पोटात काही नसेल तर औषध देता येणार नाही. मी त्यांचा गाल दाबून दोन चमचे घातले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. बोलण्याएवढी ताकद नव्हती. पेज गिळली.

आण्णा गेल्यावर आत्ती जयसिंगपूरच्या घरी येऊन राहिली. भिंतीला न धरता चालत होती. डेअरीतले जुने लोक भेटायला आले तेव्हा तिने कॅनची गोष्ट सांगितली. अगदी पहिल्यासारखी, बायांनी तोंडाला पदर लावले तिथपासून. पंधरा दिवस बोलले न्हाई, असं ती आता स्वतःच म्हणाली. लोक माना डोलवत होते. असा माणूस होणे नाही, कोणीतरी म्हणालं. आत्ती म्हणाली, "व्हय." मी चहाचे कप उचलून आत गेले.

लोक गेल्यावर मी तिच्यासाठी ताट वाढलं. तिने खिडकीकडे बघितलं आणि ताट हाताने बाजूला सारलं.

"मावळला गं दिवस. उद्या जेवीन."

"आत्ती, एकदा तू दिवस मावळल्यावर वाढलं होतंस. आम्हाला."

"वाढलं होतं. त्याचा दुसऱ्या दिवशी उपास केला मी. पाणीसुद्धा घेतलं न्हाई."

"आम्ही खाल्लं आणि उपास तू?"

"भूपालनं पण फोनवर हेच विचारलं. म्हटलं, वाढलं मी, मोडलं मी. तर म्हणाला, अक्का, माझ्यापायी नेम मोडलास, आता मी पाळीन. जिवात जीव हाय तोवर दिवस मावळल्यावर घास न्हाई." तिने ताटावर झाकण ठेवलं. "म्हटलं, बोलायला काय जातंय, चार दिवस पाळशील. पाळला का गं त्यानं?"

"पाळला," मी म्हणाले.

मग तिने विचारलं, "शेवटचं काय खाल्लं त्यानं?"

"पेज. दोन चमचे."

"कधी?"

बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले होते. आत्ती माझ्याकडे बघत होती, त्या दिवशी फरशीवरच्या आकड्यांकडे बघत होती तशी.

"दिवस असताना," मी म्हणाले.

"बरं झालं," आत्ती म्हणाली, आणि झाकलेलं ताट उचलून स्वतःच आत नेऊन ठेवलं.